दगडावर फिरणारा तळहात

ज्या वस्तूविषयी लिहावयाचे ती आधी वाचकांपुढे ठेवावी आणि माणूस नंतर आणावा, अशी माझी जुनी सवय आहे. माझे आयुष्य कारखान्याच्या तपासणी विभागात गेले. तेथे यंत्र आधी टेबलावर येई आणि ते जोडणारा मागाहून दारात उभा राही. तोच क्रम येथेही पाळतो.

वस्तू अशी. कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीची एक धातूची बैठक, तिच्यावर दोन समांतर रूळ, रुळांवर सरकणारा एक चौकोनी पाट, मधोमध एक लांब स्क्रू आणि त्याच्या टोकाला मोटर. मोटर फिरली की स्क्रू फिरतो, स्क्रू फिरला की पाट सरकतो. या बैठकीवर दुसरी आडवी बसवली आणि तिच्यावर काटकोनी आधाराने तिसरी उभी केली, की पाटावरची वस्तू डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली हवी तेथे नेता येते. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात या जोडणीला 'स्टेज' म्हणत. नाटकाशी तिचा काही संबंध नाही, हे पाहुण्यांना दर वेळी सांगावे लागे.

ऐकताना यात विशेष काही वाटत नाही. पाटाने सरकावे यात नवल कसले? नवल त्याच्या परत येण्यात आहे. पाट दूर जातो, वळतो, इतर दोन बैठका आपापल्या दिशांना धावतात, आणि आज्ञा होताच तो पूर्वीच्याच जागी येऊन थांबतो. केसाच्या जाडीचे दहा भाग केले, तर त्यांतील एका भागाइतकी चूकसुद्धा आम्ही नापास करीत असू. सूक्ष्म वस्तू पाहण्यासाठी डोळ्याला भिंग मिळाले, पण हाताला काय मिळाले? हाताला हे मिळाले. इतकी वर्षे ते पाहिले, तरी पाट जागेवर परत येताना माझा श्वास क्षणभर थांबे, आणि तो थांबू नये असे मला कधीही वाटले नाही.

आता माणूस. विजयमालाबाई तुपे. मांजरी गावच्या घुल्यांची लेक, हडपसरच्या तुप्यांची सून. माहेरी ऊस होता, सासरी मळा होता, पण त्या आमच्याकडे आल्या तोवर मळ्याच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. त्यांचे यजमान हिंदुराव भाजीमंडईत तोलणार होते. त्यावरून बाईंची एक ठरलेली कोटी असे. "आमच्या मालकाच्या काट्याला पावशेर इकडं-तिकडं झालं तर गिऱ्हाईक भांडत न्हाई. माझ्या काट्याला धुळीचा कण झाला की साहेब भांडत्यात." ते साहेब म्हणजे मी.

कारखाना ज्यांनी काढला ते थोरले साहेब तेव्हा हयात होते. बाई प्रथम आल्या त्या बारीक पोलादी छर्रे रॉकेलमध्ये धुण्याच्या कामावर. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या एका तयार रुळावरची गाडी, म्हणजे पाटाखालचा सरकता ठोकळा, बोटाने इकडून तिकडे ढकलीत बसलेल्या थोरल्या साहेबांना दिसल्या.

"बाई, खेळणं नाही ते."

"म्हाईत हाय. पण साहेब, येवढं लोखंड, आन् येवढं गुमान कसं सरकतंय?"

थोरले साहेब खाली बसले आणि त्यांनी ती गाडी उघडून आतल्या छर्‍यांची फिरती रांग बाईंना दाखवली. त्या पाहतच राहिल्या. पुढे त्यांनी स्वतः मला सांगितले की त्या दुपारी डबा तसाच परत गेला आणि सासूबाईंनी विचारले, "बरं न्हाई का?" सातवी शिकलेल्या त्या स्त्रीने पुढच्या काही वर्षांत आधी गाड्या, मग पूर्ण बैठका आणि शेवटी बैठकींवर बैठका जोडण्याची विद्या आत्मसात केली. थोरल्या साहेबांच्या मागे त्यांची कन्या नीरजाताई कारखाना पाहू लागल्या, तेव्हा दगडावरची मांडणी ही पूर्णपणे विजयमालाबाईंची झाली होती.

'दगडावरची मांडणी' याचा खुलासा करणे आवश्यक आहे. तिन्ही बैठका ज्यावर उभ्या राहतात तो पाया म्हणजे ग्रॅनाइटचा घासून सपाट केलेला काळा दगड. सर्वांत खालची बैठक या दगडावर स्क्रूंनी आवळली जाते. दगड आणि बैठक यांच्यामध्ये कसलाही अंश राहिला, तर स्क्रू आवळताच बैठक पिळवटते. तिच्याबरोबर रूळ पिळवटतात आणि वरचा सारा डोलारा तिरका चालू लागतो. धातू दिसतो कणखर, परंतु या मापांत तो पापडासारखा वाकतो. म्हणून मांडणीच्या खोलीत चपला बाहेर, पंखा बंद, चहा दाराबाहेर आणि शिंक आल्यास माणूसही बाहेर, असे माझे नियम होते.

विजयमालाबाईंची एक स्वतःची रीत होती. दगड स्पिरिटने पुसून झाल्यावर, बैठक ठेवण्याच्या अगदी आधीच्या क्षणी, त्या उजव्या हाताचा उघडा तळवा दगडावरून सावकाश फिरवीत. प्रथम मी हरकत घेतली. घामाचा अंश दगडाला लागतो, ही गोष्ट शास्त्राला धरून आहे. त्या म्हणाल्या, "मग हात बी स्पिरिटनं धुती की." दुसऱ्या दिवसापासून तसे सुरू झाले आणि ही रीत मी नियमांत दाखल करून घेतली. तो धुतलेला, वाळलेला तळवा काळ्या दगडावरून सरके तेव्हा खोलीत कोणी बोलत नसे.

२००७ सालच्या श्रावणापासून त्या चहाचा कप डाव्या हाताने घेऊ लागल्या. उजवा हात बहुधा ॲप्रनच्या खिशात असे. तो रिकामा असला की थरथरतो, हे तेव्हा एकाच व्यक्तीला ठाऊक होते. ती व्यक्ती म्हणजे झाडलोट आणि चहा सांभाळणाऱ्या तुळजाबाई. दोघी शेजारच्याच आळीतल्या आणि एकाच बसने येणाऱ्या. बसमध्ये दांडी धरलेला हात स्थिर असतो आणि मांडीवर ठेवला की कापतो, हे तुळजाबाईंनी पाहिले होते. "कुणाला बोलू नगंस, आक्का. दगडापासनं काढत्याल मला," असे बाईंनी त्यांना बजावले होते. नोकरी जाणार नव्हती, सुटे भाग धुणे आणि जोडणे कोणीही त्यांच्याकडून काढून घेतले नसते. भय होते ते दगडापाशी उभे राहण्याचा अधिकार जाण्याचे.

त्याच सुमारास आजवरचे आमचे सर्वांत नाजूक काम आले. शहरातील एका प्रयोगशाळेला उसाच्या मुळांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे होते. सूक्ष्मदर्शक स्थिर राहणार, काचपट्टी आमच्या स्टेजवर फिरणार, आणि हजारो जागांची छायाचित्रे घेतल्यावर सांगाल त्या पेशीखाली यंत्र पुन्हा येऊन थांबणार. विजयमालाबाई हे ऐकून म्हणाल्या, "आमच्या बानं जल्मभर ऊस लावला. त्याच्या मुळात काय चाललंय ते त्याला कधी दिसलं न्हाई. आता ह्ये बघणार व्हय?"

दगड आला तो नवरात्रात. नीरजाताईंनी ठरवले की खंडेनवमीला पूजा करायची आणि त्याच मुहूर्तावर पहिली बैठक दगडावर ठेवायची. आवळणे दसऱ्यानंतर. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांना आणि यंत्रांना हळदकुंकू वाहण्याचा मान तुळजाबाईंचा होता. मात्र आदल्या वर्षी एका ग्राहकाच्या यंत्रावर कुंकवाचा डाग निघाला होता, आणि नीरजाताईंनी सक्त ताकीद दिली होती. "पूजा हत्यारांची करा. बाहेर जाणाऱ्या मालावर एक ठिपका दिसला तर पुढच्या वर्षी आरतीला मी एकटीच उभी राहीन."

त्या सकाळी विजयमालाबाईंनी दगड पुसला आणि त्यावर कोरा कागद अंथरला. शेजारच्या खोलीत आरती झाली, प्रसाद झाला. मग सारा कारखाना मांडणीच्या खोलीच्या दारात दाटीवाटीने उभा राहिला.

"मावशी, मुहूर्त टळायच्या आत ठेवा," नीरजाताई म्हणाल्या.

बाईंनी कागद काढला. ही तळवा फिरवण्याची वेळ होती. तो फिरवला गेला नाही. "इम्तियाज, धर की रं पलीकडनं," असे म्हणून त्यांनी दोन्ही हात बैठकीला घातले. मोटरी आणि तारा जोडणारा इम्तियाज पुढे झाला, आणि बैठक दगडावर बसली. टाळ्या वाजल्या. रीत चुकली हे मला जाणवले, परंतु सणाच्या गर्दीचा परिणाम समजून मी गप्प राहिलो.

दसऱ्यानंतर बाईंनी स्क्रू आवळले. एक या कोपऱ्यातला, मग तिरक्या समोरचा, प्रत्येकाला थोडाथोडा वेढा, जशी पद्धत आहे तसे. वर दुसरी बैठक आली, तिसरी आली. मी डायल, म्हणजे चूक दाखवणारे काट्याचे मापक, लावला. पाट डावीकडून मध्यापर्यंत निर्दोष आला, आणि उजव्या टोकाकडे जाताना काटा कलला. प्रयोगशाळेने चाचणीसाठी पाठवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या टोकाला मुळाचा काप धूसर होई.

बाईंनी सारे स्क्रू सैल केले आणि पुन्हा आवळले. काटा पुन्हा कलला. तिसऱ्यांदा आवळताना नीरजाताई शेजारी उभ्या होत्या. स्क्रू आवळायची चावी खाली ठेवल्यावर बाईंचा हात खिशाकडे निघाला. नीरजाताईंनी तो वाटेतच पाहिला.

"मावशी, हात दाखवा."

"काय हाय हाताला?"

"दाखवा तर."

हात पुढे आला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होते, जणू हात झोपेत वात वळीत होता. नीरजाताईंचा आवाज एरवी धारदार असे; त्या दिवशी तो खाली आला.

"कधीपासून?"

"श्रावणापासनं."

"डॉक्टरांकडे जाऊ या, मी येते बरोबर. आणि तोवर तुम्ही सुटे भाग बघा. दगडावरची मांडणी इम्तियाज करेल."

"ताई, मी वायरवाला माणूस," इम्तियाज घाईने म्हणाला. "मी स्क्रू आवळला म्हणजे म्हशीला दावं बांधल्यासारखं होतं. मावशीचं काम मला नका देऊ."

"मग काय करू? ग्राहकाला सांगू, उजवीकडचा ऊस बघू नका?"

विजयमालाबाईंनी चावी उचलली आणि नीरजाताईंपुढे धरली. "घ्या, ताई. काटा खोटं बोलत न्हाई. हातच गेला माझा."

मी त्या वेळी काट्याकडेच पाहत होतो. तिन्ही खेपांची मापे मी स्वतः घेतली होती. काटा तिन्ही वेळा एकाच जागी, एकाच बाजूला आणि जवळजवळ तेवढाच कलला होता. मला ते खटकत होते, आणि का खटकत होते ते आता ध्यानात आले.

"थांबा," मी म्हणालो. "थरथरणारा हात दर वेळी तीच चूक कशी करील? हाताची चूक असती तर एकदा इकडे, एकदा तिकडे गेली असती. ही चूक फार शिस्तीची आहे."

"म्हंजे हात न्हाई माझा?"

"हाताचे मला माहीत नाही, बाई. पण ही चूक आपल्या आवळण्याची नव्हे. ती खाली कोठेतरी बसलेली आहे."

"इतक्या शिस्तीची चूक म्हणजे साहेब, तुमचीच असणार," इम्तियाज पुटपुटला. मी ते ऐकले नाही असे दाखवले.

बाईंनी नीरजाताईंकडे पाहिले. "ताई, मग ह्ये उचलू द्या मला. बसवलं मी, तर उचलीन बी मीच. मग चावी घ्या."

एकेक बैठक उतरली. शेवटची, सर्वांत खालची, इम्तियाजने आणि त्यांनी मिळून उचलून बाजूला ठेवली. दगड उघडा झाला. वरच्या दिव्याच्या चकाकीत तो सगळीकडे सारखाच काळा दिसत होता. बाईंनी स्पिरिटने हात धुतला आणि वाळवला. आम्ही सर्व पाहत असताना तो हात दगडाकडे निघाला. हवेत तो कापत होता, इतका की मला नजर वळवावीशी वाटली. तळवा दगडाला टेकला.

आणि थांबला. एखादी मोटर बंद करावी तसा नव्हे; तापलेले दूध आचेवरून उतरवताच खाली बसावे, तसा. तळहात आणि दगड यांमध्ये कोणतीही हालचाल उरली नाही. मग तो सरकू लागला, पूर्वीसारखाच, सावकाश, एका कडेपासून. बाईंनी डोळे मिटले होते. अचूकतेची असंख्य मापे मी घेतली आहेत. तो हात ज्या एकसारख्या गतीने त्या दगडावरून गेला, तिचे माप घेण्याचे धैर्य मला झाले नसते.

उजव्या कोपऱ्याजवळ तो अडला, किंचित मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"हितं काय तरी हाय."

इम्तियाजने विजेरी आडवी धरली. तिरप्या उजेडात दगडावर चिंचोक्याएवढा एक पापुद्रा चमकला. दाबून सपाट झालेला, वाळून चिकटलेला, कडेने पिवळा आणि मध्ये लाल.

दाराबाहेर चहाची किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

विजयमालाबाईंनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी कापडाला स्पिरिट लावले आणि म्हणाल्या, "घाण राहिली हुती. पुसायचं काम माझं हुतं, ताई. चूक माझीच."

"न्हाई गं माय!" तुळजाबाई उंबऱ्यावरच थबकल्या. त्यांच्या पायांत चपला होत्या, आणि तशाही क्षणी त्यांनी माझा नियम पाळला. "मी लावलं. आरतीच्या येळी कागुद उचलून बोट टेकवलं. वर लावलं तर ताई बोलत्याल, म्हणून खाली लावलं, दिसू नये अशा जागी. हिचा हात थांबू दे म्हणलं देवीला. मला काय ठावं, तिथंच नडंल?"

नीरजाताईंनी कपाळाला हात लावला. "तुळजाबाई, एवढ्या मोठ्या कारखान्यात देवीला दुसरी जागा नव्हती?"

"जागा लई हुत्या, पर हिचं समदं काम तिथंच असतंय की!"

मग विजयमालाबाई बोलल्या, आणि या वेळी त्यांनी हात खिशात घातला नाही. "आक्काचं बोट लागलं, पर मी हात फिरवला असता तर तवाच गावलं असतं. न्हाई फिरवला. समदी दारात हुबी हुती. थरथर दिसंल म्हणून लाजले. ही चूक हाताची न्हाई, हात लपवायची हाय."

नीरजाताईंनी बाजूला ठेवलेली चावी उचलली. मग ती दगडाच्या कडेला, बाईंच्या उजव्या हाताशी ठेवली. "बसवा. मी इथंच उभी आहे. आणि कुणीही दुसरीकडे बघायचं नाही."

पापुद्रा पुसला गेला. तळवा पुन्हा फिरला. बैठक बसली, स्क्रू आवळले गेले. चावी उचलण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो हात कापे, आणि चावी स्क्रूच्या खाचेत बसताच शांत होई. मी डायल लावला. काटा डावीकडून निघाला, मध्यावर आला, उजव्या टोकाला पोहोचला, आणि जागचा हलला नाही म्हणावे इतकाच हलला.

मग इम्तियाजने यंत्र सुरू केले. तिन्ही बैठका एकदम निघाल्या. पडद्यावर उसाच्या मुळाचा काप दिसू लागला, षट्कोनी पेशींची दालनामागून दालने, जणू पाण्याने बांधलेले एखादे नगर. विजयमालाबाईंनी त्यांतली एक पेशी निवडली, जिच्या कडेला छोटा ठिपका होता ती. यंत्र तिला सोडून लांब गेले, सबंध कापावरून फिरले आणि परत आले. ठिपका आपल्या जागी होता. "परत एकदा," बाई म्हणाल्या. पुन्हा गेले, पुन्हा आले. "परत." तुळजाबाई चपला काढून आत आल्या होत्या. "अगं बया," एवढेच त्या म्हणाल्या. मी या विषयाचा पदवीधर आहे, पण त्या क्षणी त्याहून अधिक मलाही काही सुचले नाही.

डॉक्टरांनी पुढे त्या थरथरीला नाव दिले आणि गोळ्या दिल्या. हा हात एके दिवशी कामातही थांबेनासा होईल, हे त्यांनी लपवले नाही, आणि नीरजाताईंनीही तसे होईपर्यंत दगड विजयमालाबाईंचाच राहील, हे सर्वांसमक्ष सांगितले. तो दिवस यायला बरीच वर्षे लागली. दरम्यान बाईंनी मांडणी आणखी दोघींना शिकवली, आणि शिकवताना पहिला धडा चावीचा नव्हे, तळव्याचा दिला.

माझ्या नियमांत त्यानंतर एका कलमाची भर पडली. खंडेनवमीला दगडाजवळ हळदकुंकू नेऊ नये; ते मांडणी करणाऱ्याच्या मनगटावर लावावे, आणि त्याने नंतर हात स्पिरिटने धुवावा. निवृत्तीनंतरही मी त्या दिवशी कारखान्यात जात असे. तुळजाबाई ताट घेऊन येत, आपल्या मैत्रिणीचा कापणारा हात हातात धरीत आणि मनगटाच्या शिरेवर बोट टेकवीत.

"हल्लीस तर चुकंल, विजे," त्या म्हणत.

"मी कुठं हलतीया? त्यो हलतोय," विजयमालाबाई म्हणत. मग त्या हात धुऊन वाळवीत, आणि तो हवेतून कापत कापत काळ्या दगडाकडे जाई. दारातले आम्ही सारे त्याच्याकडेच पाहत असू, तो टेकेपर्यंत.